येते

आसमाच्या वेबसाइटवर बाहेर पडायच्या बटणावर लिहिलं होतं, ‘येते’. उंबऱ्यावर उभं राहून ‘जाते’ कोणती बाई म्हणेल?

वरवट बकाल गावात तिची सासू नसीमा गोधड्या शिवायची. मोबाइलवरचे व्हिडिओ बघत बघत आसमा वेबसाइट बांधायची पीएचपी भाषा शिकली आणि तिनं सासूसाठी साइट उभी केली. गिऱ्हाइकानं जुने कपडे पाठवायचे, आसमानं तुकड्यांचे फोटो चढवायचे, मग कुठला तुकडा कुठं ते गिऱ्हाइकानंच पडद्यावर मांडायचं.

सोनाळ्याची कोकिळाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेली. नातवंड यायच्या आत गोधडी हवी होती. आईच्या लुगड्याचे तुकडे तिनं दुपारभर मांडले, ‘येते’ दाबून वरणाला फोडणी द्यायला उठली. परतून पाहते तर गोधडी कोरी!

“आसमा, म्या जाते नव्हतं म्हटलं. येते म्हटलं होतं,” कोकिळाबाई फोनवर म्हणाली. “पाहुणी हात धुवाले उठली तं कोणी ताट उचलते काय?”

“चुकलं, काकू. पुन्हा मांडता का?”

“मन नाही होत आता. एक खेप जमलं होतं ते.”

फोन ठेवून आसमा तिथंच लवंडली. डोळा लागला, आणि लुगड्याचे तुकडे कपाशीवरून तरंगत निघाले. खाली यायला एकालाही जागा सापडेना. मागून नसीमा अनवाणी चालत आली, एकेकाला आभाळाशी कच्चा टाका घालत. “पक्कं मागून शिवू,” ती म्हणाली, “आधी उडू नको म्हणावं.”

आसमा दचकून उठली. आलेल्या माणसाची तात्पुरती आठवण म्हणजे सेशन, आणि माणूस बाहेर पडला की ते पुसायचं, अशी साइटच्या तयार सांगाड्याची, फ्रेमवर्कची, रीत. तिनं सगळी मांडणी त्या आठवणीच्याच भरवशावर ठेवली होती! आता प्रत्येक तुकडा ठेवला की डेटाबेसात, म्हणजे कायमच्या वहीत, गिऱ्हाइकाच्या नावावर टाका पडेल, असं तिनं केलं.

“काकू, एकच तुकडा ठेवून पाहा,” दुसऱ्या दिवशी तिनं फोन केला.

कोकिळाबाईनं उशाकडे आईच्या लुगड्याचा हिरवा काठ ठेवला. ‘येते’ दाबलं. मग मुद्दाम दिवसभर परत आलीच नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. “हाय वो, तिथंच हाय.”

आसमानं साइट उघडली. हिरव्याशेजारी जांभळा आला, मग एक विटका पिवळा. मांडणी काल होती तशी नव्हती.

नसीमानं सुईत दोरा ओवला.