अंगठ्यापुरते दुखणे

पायाचा अंगठा सुजला, तेव्हा जोडे शिवणाऱ्या त्या कारागिराने स्वतःच्याच विद्येने त्याचा परिहार केला. सुजलेल्या पायाच्या मापाचा लाकडी फर्मा घडवला, त्यावर रुंद जोडा बेतला आणि दुखणे चामड्यात मावले म्हणून तो प्रसन्न झाला. सूज आली होती ती रक्तातले यूरिक ॲसिड फार वाढल्याने. डॉक्टरांनी गोळ्या देऊन हृदयही तपासून घ्यायला बजावले होते.

"अंगठ्यासाठी छाती दाखवू? उद्या डोके दुखले, तर टाच दाखवायला सांगतील!" तो म्हणाला होता, आणि त्याची पत्नी पोट धरून हसली होती. कळ थांबताच गोळ्याही थांबल्या.

आज ती दुकानात त्याच्याजवळच होती. दोरा ओढता ओढता त्याचा हात थबकला. कपाळ घामाने डवरले, ओठ राखेसारखे झाले.

"अहो, काय होतंय?"

"काही नाही गं. हातोडा जास्त चालला, खांदा भरलाय."

"डावा? हातोडा तर उजव्या हातानं चालवता!"

त्याने दोरा पुन्हा ओढून पाहिला. तिने दाराशी जाऊन हाक मारली. ती ऐकून शेजारचा न्हावी वस्तरा टाकून धावला.

"दादा, उठा."

"अरे, गिऱ्हाईक येईल संध्याकाळी..."

"येऊ दे. वहिनी, गाडी थांबवा, मी धरतो यांना."

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पूर्वीचे आजार विचारले. पत्नीने अंगठ्याचे सारे सांगितले, हसण्यासकट.

"यूरिक ॲसिड वाढलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो," बाई म्हणाल्या. "तेच त्याचं कारण, की नुसतं सोबती, हे छातीठोक सांगता येत नाही. पण तपासायला हवं होतं."

"मी हट्ट धरला असता तर?"

"आता ते राहू द्या. रक्तवाहिनी तुंबली आहे, लगेच उघडायला हवी."

चाकांची खाट हलली. त्याने तिचे बोट धरले. "घाबरू नकोस. बरा आहे मी."

"बरे नाही तुम्ही!" तिचा स्वर फाटला. "पाया पडते, डॉक्टरांना तरी खरं सांगा!"

त्याने डोळे मिटले. "छातीवर शिळा ठेवल्यासारखं वाटतंय," तो पुटपुटला. "सकाळपासून."

सकाळी ती त्याच्या समोरच बसली होती, चहा ओतत. खाट आत गेली आणि दार लागले. तिने हात जोडले; परंतु लहानपणापासून मुखोद्गत असलेल्या प्रार्थनेचा पहिला शब्दही तिला आठवेना.