प्रिंटरला झालेली बाधा

"आला! आला! कागद आला!"

एवढा गलका घरात बाळ जन्मल्यावरही होत नसेल. आमच्या रक्त-तपासणीच्या लॅबमध्ये सकाळपासून ताटकळलेले पेशंट अक्षरशः खुर्च्यांवर चढून बघत होते. काउंटरवरचा प्रिंटर इतका वेळ ढिम्म बसला होता, तो आता धडाधड रिपोर्ट बाहेर टाकत होता. आणि समोर डोळे मिटून घंटा बडवत होते यंत्रबाबा.

यंत्रबाबा म्हणजे कोण? तर आमच्या प्रिंटरमध्ये शाई भरायला येणारा माणूस. शाई भरता भरता साक्षात्कार झाला म्हणे! बोटांवरचे डाग अजून गेले नव्हते, पण अंगावर कफनी आली होती आणि खांद्यावर लांबलचक शाल. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काळं कापड टाकायचं, टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या आणि ओरडायचं, "ॐ ह्रीं शाई-शोषणाय, कागद-अडकनाशनाय, फट्!" की बाधा पळालीच.

"बाधा कशाची, बाबा?" मालकांनी हात जोडून विचारलं.

"यंत्र कुणीतरी वश केलंय. ती व्यक्ती खुर्चीत बसली की चालतं, उठली की बंद. ओळखा कोण ती!"

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या. वहिनी म्हणजे आमचं काउंटर सांभाळणाऱ्या बाई. बाबा बोलला त्यातलं एवढं मात्र खरं होतं, की गेला महिनाभर त्या आत बाटल्यांवर लेबलं लावायला गेल्या की प्रिंटर संपावर जायचा आणि परत येऊन बसल्या की सुरू व्हायचा.

"चेटकीण पोसायला मी लॅब काढली नाही," मालक भरल्या काउंटरसमोर कडाडले. "उद्यापासून येऊ नका."

वहिनींच्या घरात कमावतं माणूस त्या एकट्याच. त्या डबा पिशवीत भरायला लागल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी इथं रक्त काढते. लोक मला टोचणीबाई म्हणतात, आणि ते काही नुसत्या सुईमुळे नाही.

"मालक, वहिनींना चेटूक येत असतं, तर त्यांनी आधी स्वतःचा पगार नसता का वाढवून घेतला?"

"तुम्ही तुमची सुई सांभाळा!"

तेवढ्यात रिपोर्टांवर सह्या करायला डॉक्टरताई आल्या. ताई म्हणजे मालकांची थोरली बहीण. जगावर गुरगुरणारे मालक ताईंपुढे भिजलेलं मांजर होतात. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रिंटरवरचं बटण दाबलं. चाचणीचा कागद सुळकन बाहेर आला.

"प्रिंटर ठणठणीत आहे," ताई म्हणाल्या. "आता रिपोर्ट कुठून येतो ते बघू. आतल्या खोलीतल्या सर्व्हरवरून. पण प्रिंटरची वायर सर्व्हरला नाही, वहिनींच्या कॉम्प्युटरला आहे. म्हणजे सर्व्हर याला निरोप देतो आणि हा प्रिंटरला. बाबा, पुन्हा एकदा चमत्कार दाखवाल?"

बाबा खुशीत आला. ताईंनी बिनवायरीचा माऊस उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि कीबोर्डच्या कप्प्यापुढे मला राखणीला उभं केलं.

"माऊस कशाला हलवता?" बाबाचा आवाज एकदम चिरका झाला.

"बाधा यंत्रात आहे ना? मग माऊसशी तुम्हाला काय देणंघेणं?"

कुणी कशाला हात लावायचा नाही, असं बजावून ताई आत गेल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी सर्व्हरवरून नवे रिपोर्ट पाठवले. प्रिंटर ढिम्म. मग बाबा सुरू झाला. घंटा वाजली, फेऱ्या झाल्या, "फट्" झालं, शालीचं टोक रिकाम्या टेबलावरून चारदा फिरलं. घामाच्या धारा लागल्या, पण एक कागद येईल तर शपथ!

"ती बाई अजून इमारतीत आहे ना, म्हणून!" बाबा धापा टाकत म्हणाला.

ताईंनी फळीवरचा माऊस काढला आणि रांगेतल्या एका आईच्या मांडीवर बसलेल्या गुटगुटीत पोरीच्या हातात दिला. पोरीनं तो गदागदा हलवला आणि थेट तोंडात घातला. आणि धडधड धडधड, प्रिंटर सुरू!

"घ्या," ताई म्हणाल्या, "या सिद्धपुरुषाला तर अजून दातही यायचेत."

हसून हसून लोकांची पोटं दुखली. ताईंनी पडद्यावरचं काळं कापड ओढलं. पडदा लख्ख उजळलेला होता.

"कुणी हात लावला नाही की हा कॉम्प्युटर झोपतो. निरोप्याच झोपला की सर्व्हरचे निरोप साठून राहतात. माऊस जरा हलला की हा जागा होतो आणि साठलेलं सगळं एकदम छापलं जातं. वहिनी खुर्चीत बसून जागं करायच्या, बाबा शालीच्या टोकानं. पडदा उजळलेला दिसू नये म्हणून हे कापड."

"पण महिन्याभरापूर्वी नीट चालत होतं की!" मालक पुटपुटले.

"महिन्याभरापूर्वी वीज वाचवायला सगळे कॉम्प्युटर झोपवायचं फर्मान कुणी काढलं? आणि वहिनींना लेबलं लावायला आत कुणी पाठवलं?"

मालक छताचा पंखा न्याहाळू लागले. बाबा कधी सटकला कुणालाच कळलं नाही. घाईत घंटाही विसरून गेला. ताईंनी कॉम्प्युटरची झोप बंद करून टाकली.

"वहिनी, झालं गेलं विसरून जा," मालक म्हणाले.

"विसरते," वहिनी म्हणाल्या. पिशवी खांद्यालाच होती. "पण चेटकीण सगळ्यांसमोर म्हणालात. आता चुकलो तेही सगळ्यांसमोर म्हणा."

मालक ओठातल्या ओठात काहीतरी बोलले.

"ऐकू नाही आलं," मी म्हटलं.

"चुकलो! वहिनींचा काही दोष नाही!" मालक खच्चून ओरडले. तेव्हा कुठे वहिनींनी डबा परत खणात ठेवला.

यंत्रं तुमच्याकडेही अडतील. अडू द्या. आधी बटण बघा, वायर बघा, मधे काय बदललं ते आठवा. एवढं करूनही नाही कळलं, तर सरळ "कळलं नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण यंत्राचं खापर एखाद्या बाईच्या डोक्यावर फोडू नका.

ती घंटा अजून आमच्या काउंटरवर आहे. रिपोर्ट तयार झाला की वहिनी वाजवतात.