गाईचं गाणं, मेंढीचं कापड

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या एका गावात लोकरीचं कापड विणून झालं, की सारे टेबलाभोवती बसून ते ओलं कापड आपटत. त्याने ते आटून घट्ट होई. आपटताना गेलिक गाणी म्हणायची, पण एका कापडावर एक गाणं दोनदा म्हणायचं नाही, ही स्कॉटलंडहून आलेल्या पूर्वजांची रीत होती.

एफी म्हातारीने मधल्या बोटाने कापड मोजलं. "अजून बोटभर आटायला हवं."

"आजी, गाण्यांची पोतडी रिकामी झाली वाटतं!" शेजारचा अँगस हसला. "पहिलंच पुन्हा म्हणा, कोणाला कळतंय?"

"कापडाला कळतं, मेल्या!" एफी म्हणाली खरी, पण नवं गाणं तिला आठवेना. साठ वर्षांत गाणी कधी कापडाआधी संपली नव्हती.

तेवढ्यात तिची फ्रेंच घरातली सून सेलिन बिचकत गाऊ लागली. धार काढताना एफी गुणगुणायची, तेच गाणं. उच्चार वाकडे, पण चाल पक्की.

"अगं, हे तर गाईचं गाणं!"

"आई, लोकर मेंढीची आहे. ती कशाला रागावतेय?"

हशा पिकला. एफीने सुनेमागे ओळ उचलली आणि सगळ्यांचे हात पुन्हा टेबलावर पडू लागले.

गाणं संपल्यावर एफी सुनेला म्हणाली, "आता तू मोज."

सेलिनने बोट टेकवलं. माप बरोबर भरलं.