नोंदवहीबाहेरचा चौथा

आखातातल्या दोहा शहराच्या त्या इस्पितळात सकाळचं ऊन कधी घाईने येत नसे. आधी ते खिडकीच्या जाळीवर थबके, मग भिंतीवरून हळूहळू उतरत मेजाच्या कडेशी येई आणि शेवटी मृत्यूंच्या नोंदवहीवर पसरे. कोमट, पिवळसर, कुणालाही काही न विचारणारं. त्यात काजळीचे कण तरंगत असत. कारकून मुनाफ रोज ते पाहत बसे. आज मात्र त्याचा हात सारखा सदऱ्याच्या खिशाकडे जात होता. गावाहून आलेलं रुकैयाभाभीचं पत्र चार दिवस तिथेच होतं, न उघडलेलं.

१९६३च्या जानेवारीत वारा पडला आणि वीजघराचा धूर तीन आठवडे कामगारांच्या वस्तीवरून हलला नाही. त्याने किती माणसं नेली, ते डॉक्टरांना आज सकाळी दहाच्या टपालाने सरकारला कळवायचं होतं. आकडा मोठा निघाला तर वस्ती हलणार होती. रीत साधी होती. मागची पाच वर्षं त्याच आठवड्यांत सरासरी नऊ जण दगावत; यंदा सतरा. वरचे आठ धुराचे.

"त्यातले आठ नेमके कोणते?" मुनाफने भीत भीत विचारलं.

"ते कुणालाच सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "दाखल्यावर कुणाचं हृदय, कुणाचा दमा. धूर फक्त बेरजेत दिसतो."

मुनाफला हायसं वाटलं. बेरजेला चेहरा नसतो.

तेवढ्यात म्हातारा कंपाउंडर फजलचाचा दारातून म्हणाला, "साहेब, ही बेरीज लंगडी आहे. आमची कोकणची माणसं इथे मरत नाहीत. दम उखडला की आम्ही त्यांना आगबोटीत बसवतो, माती तरी गावची मिळावी म्हणून. एरवी वर्षाकाठी एखादा जातो. त्या तीन आठवड्यांत चौघे गेले."

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "त्यांचं पुढे काय झालं?"

"तिघे वारले, खबर आली. चौथा याचा भाऊ, जहूर."

"भाई बरा होतोय," मुनाफ घाईने म्हणाला. "गावची हवा लागली की..."

"मग खिशात चार दिवस काय उबवतोयस? अंडं?" चाचाने विचारलं.

"पत्र आहे. कोपरा टपालात फाटलाय, एवढंच."

"टपालाला बरा तोच कोपरा सापडला, बाबा!" चाचाचा आवाज मात्र बोलता बोलताच खाली आला.

घड्याळात पावणेदहा झाले. "मुनाफ," डॉक्टर हलकेच म्हणाले, "तीन लिहू की चार?"

आगबोटीच्या शिडीवर जहूरने तीनदा थांबून श्वास घेतला होता. तिसऱ्यांदा तो हसून म्हणाला होता, "आंब्याला ये." मुनाफने पाकीट काढून उन्हात ठेवलं. मयताची खबर असली की गावाकडे पत्राचा कोपरा कापून धाडतात, म्हणजे उघडणाऱ्याने आधी मन घट्ट करावं. हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

"चार," तो म्हणाला.

कोपरा टपालात फाटला नव्हता. तो कात्रीने सरळ कापलेला होता. जहूरभाई वारला होता.