चौदा पायऱ्या

मंगळवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, स्फाक्स शहरात तेनिऊर रस्त्याच्या सातव्या किलोमीटरवर, झीना शआबूनी या अठ्ठावन्न वर्षांच्या बाई स्वयंपाकघराच्या फरशीवर मरण पावल्या. त्यांचा मुलगा मुराद याने नऊ वाजून दोन मिनिटांनी रुग्णवाहिका मागितली होती. अडतीस मिनिटांत गाडी आली नाही, कारण ती कुठूनच निघाली नव्हती.

त्या भागात स्फाक्स, अगारेब आणि महरेस या तीन केंद्रांतून रुग्णवाहिका सुटतात. एका केंद्रात गाडी नसेल तर तिथलं सॉफ्टवेअर फोन पुढच्या केंद्राकडे सोपवतं. त्या सकाळी स्फाक्सने तो अगारेबला दिला. अगारेबने महरेसला दिला आणि त्याच क्षणी महरेसची लिंक तुटली. अगारेबच्या पडद्यावर ‘दिला’ असं उमटलं, स्फाक्सच्या पडद्यावर ‘घेतला’. महरेसला काहीच कळलं नाही. तिन्ही केंद्रांच्या नोंदी एकाखाली एक लावल्या तेव्हा चौदा ओळी झाल्या.

या चौदा ओळी विदेद गर्गूरीने मार्चमध्येच पाहिल्या होत्या.

विदेद एकतीस वर्षांची. हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायच्या आधी आराखडा लिहायचं काम तिचं. त्यासाठी एक खुली, फुकट भाषा आहे. जगभरचे लोक मिळून ती वाढवतात. तिच्यात सॉफ्टवेअर बनत नाही, ते कसं वागलं पाहिजे एवढंच मांडता येतं. मग तपासणारा प्रोग्रॅम घटनांचे शक्य तितके सगळे क्रम लावून बघतो आणि एकाही क्रमात मांडलेलं खोटं ठरलं, तर तो क्रम पायरीपायरीने छापून देतो. विदेदने मांडलं होतं की प्रत्येक फोनला शेवटी एक गाडी निघते. प्रोग्रॅमने ते चौदाव्या पायरीवर खोटं पाडलं.

ज्याचा आराखडा मोडेल त्याने सगळ्यांना खायला गरम, तळलेले फ्तायर आणायचे आणि मोडलेल्या पायऱ्यांचा कागद कॉफीच्या मशीनशेजारी चिकटवायचा, अशी त्या ऑफिसात रीत होती. विदेदने फ्तायर आणले. शेजारच्या टेबलावरच्या अनूरने त्या कागदावर पेनाने लिहिलं, ‘विदेदबाईंनी आज पुन्हा एक माणूस मारला.’ सगळे हसले. तीही हसली.

दुरुस्तीला तीन आठवडे लागणार होते आणि आरोग्य खात्याची माणसं दोन दिवसांनी बघायला येणार होती. विभागप्रमुख लसाद मसमूदी, ज्यांना सगळे आदराने ‘सी लसाद’ म्हणत, तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. फोन सोपवताना लिंक तुटत नाही असं गृहीत धर, एक ओळ तर आहे, असं ते म्हणाले. तिने ती ओळ लिहिली. वर टीप टाकली: ‘सी लसाद यांच्या सांगण्यावरून, पाहणी होईपर्यंत. हे खरं नाही.’ प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडदा हिरवा झाला. पाहणी झाली, खात्याची माणसं खूश होऊन गेली, त्याच आराखड्यावरचं सॉफ्टवेअर केंद्रांत बसलं, आणि दुरुस्तीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

फाइल कंपनीच्या सामाईक साठ्यात टाकण्याआधी विदेदने ती नीटनेटकी केली. फाइलीत माणसांची नावं लिहिणं तिथे गावंढळ समजलं जातं, म्हणून टीप काढली. मग आपले अकरा लहान बदल एकत्र करून एकच केला. मधले टप्पे पुसले गेले. मागे राहिला एक बदल आणि त्यावर एक नाव, तिचं. फाइल कशी साफ ठेवावी हे विदेदकडून शिका, असं नव्या लोकांना सांगितलं जाई.

बुधवारी अकरा वाजता चौकशी बसली. मुरादलाही बोलावलं होतं. लसादनी फाइल भिंतीवरच्या पडद्यावर लावली आणि विचारलं, ही ओळ कोणाची.

“माझ्या नावावर आहे,” विदेद म्हणाली. “पण सांगितली तुम्ही होती, सी लसाद.”

“मी दिवसाला पन्नास गोष्टी सांगतो, बाळ. चुकीला चूक म्हणायला तुला ठेवलंय. आणि या फाइलीत माझं नाव कुठे आहे? दाखव. आत्ता सही करतो.”

दाखवायला काही नव्हतं. मग लसादनी कॉफीच्या मशीनशेजारचा कागद टेबलावर ठेवला, पेनाच्या ओळीसकट. तिला आधीपासून माहीत होतं, याचा हा पुरावा आहे, असं ते चौकशी समितीला म्हणाले.

मुरादने कागद उचलला. पेनाची ओळ वाचली. मग विदेदकडे बघून हळू विचारलं, “ही ओळ घातल्यावर तुमच्या त्या तपासणीत माझी आई वाचत होती?”

“हो.”

“किती वेळा बघितलंत?”

“बेचाळीस लाख क्रम.”

“दर वेळी वाचली?”

“दर वेळी.”

त्याने कागद खाली ठेवला आणि आपण वाट बघत असताना आई काय म्हणत होती, तेही लिहून घ्या, असं चौकशी समितीला सांगितलं. ते चौकशीच्या विषयात बसत नसल्याचं त्याला कळवण्यात आलं.

विदेदचं प्रकरण सरकारी वकिलाकडे पाठवायचं का, याचा निर्णय गुरुवारी चार वाजता होणार होता. तिच्याकडे एकच वाट उरली होती. मार्चमध्ये अनूरने तिचं काम तपासायला घेतलं होतं, तेव्हा टिपेसकटची फाइल त्याच्या लॅपटॉपवर उतरली होती. बुधवारी संध्याकाळी ती त्याच्या टेबलाशी गेली.

“असेलही,” तो म्हणाला. “बघितलं नाही.”

“बघ ना, अनूर. दोन मिनिटांचं काम आहे.”

“माझं लग्न आहे सप्टेंबरात.”

“म्हणून?”

“म्हणून काही नाही. आपलं सांगतोय.” त्याने लॅपटॉप मिटला. “आणि जुन्या प्रती मी मधूनमधून साफ करतो. तूच तर शिकवलंस.”

गुरुवारी सकाळी तिने त्याला ती जुनी फाइल दे असा लेखी निरोप पाठवला आणि त्याची एक प्रत चौकशी समितीला दिली. समितीने त्याची नोंद घेतली. लॅपटॉप ताब्यात घेतला नाही. तीन केंद्रांचं काम त्याच सॉफ्टवेअरवर चालू होतं आणि ती ओळ फाइलीत तशीच होती. दुपारी दीडला महरेसची लिंक बावीस सेकंद तुटली. त्या वेळात कोणी फोन केला होता का, हे तपासलेलं नाही.

तीन वाजून सव्वीस मिनिटांनी अनूरने निरोप वाचल्याची खूण आली. चारला दहा मिनिटं कमी असताना त्याची खुर्ची रिकामी होती. लॅपटॉप टेबलावर नव्हता.