मावशीच्या रकान्यातली खूण

आमच्या केंद्रात वजन जास्त असलेल्या मुलांसाठी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या संध्याकाळी इतके आईबाप आले की खुर्च्या कमी पडल्या. फोटोवाला येणार असल्याचं कुणीतरी आधीच फोडलं होतं. दुसऱ्या आठवड्यात फोटोवाला नव्हता आणि आईबापही नव्हते. मुलं मात्र सगळी हजर होती. प्रत्येकाचं बोट धरून एकेक आया आली होती, आणि बाहेर एसी चालू ठेवून ड्रायव्हर बसले होते.

कार्यक्रम एका थंड देशातून आलेला. तिथे म्हणे बाप मुलांना सायकलवर बाजारात नेतो आणि आई गाजरं किसते. हा अंगरखा कुवेतच्या मापाने उसवून शिवायचं काम माझ्याकडे होतं. संचालक अबू मिशारींची सूचना एकच होती, की आपल्या लोकांना शोभेल असं काहीतरी करा. मी केलं. चालण्याचा व्यायाम उन्हातून मॉलमध्ये नेला, वर्ग सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर ठेवला, ब्रोकोलीच्या जागी भेंडी घातली. समितीनेही दोन बैठका घेऊन मोलाची भर घातली. वर्ग संपल्यावर पाकातले तळलेले गोळे, लुगैमात, वाटू नयेत, असं एकमताने ठरलं. ते ठरेपर्यंत लुगैमातची तीन ताटं संपली होती.

पुस्तिकेच्या दर पानावर लिहिलं होतं की कुटुंब हाच या कार्यक्रमाचा कणा आहे. आमचा कणा ऑफिसात, दिवाणियातल्या पुरुषांच्या बैठकीत किंवा ब्युटी पार्लरमध्ये होता. आता आयांना परत पाठवायचं की शिकवायचं? आमच्याकडे मीठ कुठे ठेवलंय असं घरधनिणीला विचारलं, तर ती स्वयंपाकघराकडे तोंड करून आयालाच हाक मारते. माझ्या घरी काही वेगळं नाही. मी इथे दुसऱ्यांच्या मुलांची वजनं घेत होते तेव्हा माझ्या मुलांना कोण जेवू घालत होतं, ते विचारू नका. मी आयांना शिकवायचं ठरवलं.

त्यांत श्रियानी होती. श्रीलंकेची, नऊ वर्षांच्या लुलवाला जन्मापासून सांभाळणारी. लुलवाच्या रक्तातली साखर वाढली होती आणि सहा महिन्यांत उतरली नाही तर गोळ्या सुरू, कदाचित कायमच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हे मला तिच्या आईने, अनवारने, फोनवर सांगितलं. ती बँकेत मोठ्या हुद्द्यावर, वर्गाला यायला तिला सवड नव्हती. पण फोनवर रडली, आणि ते रडणं खरं होतं.

श्रियानी वही घेऊन पहिल्या रांगेत बसायची. तिने मजबूस या मटणभातातलं तूप निम्म्यावर आणलं. खाऊच्या कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. रोज संध्याकाळी लुलवाला चालवत सहकारी भांडारापर्यंत नेऊ लागली, तेही भांडारात न शिरता. पोरगी थयथयाट करायची. तू तिला मनवतेस तरी कशी, असं मी एकदा विचारलं.

"ती रडते, मॅडम. मग मी पण रडते," ती म्हणाली. "मग दोघी चालायला जातो."

सहा महिन्यांनी लुलवाची साखर ठिकाणावर आली. गोळ्या टळल्या. बाकीचीही बरीच मुलं हलकी झाली, आणि मला थोडा गर्व झाला.

मग वरून अहवालाचा तक्ता आला. मुलाबरोबर कुटुंबातलं कोण आलं? रकाने होते आई, वडील, आजी-आजोबा, आणि मावशी-आत्या. आयासाठी रकाना नव्हता. सगळं कोरं सोडलं असतं तर कुटुंबाचा सहभाग शून्य ठरून कार्यक्रमच गुंडाळला गेला असता. एका मुलाची खरी आजी यायची. ती वगळून उरलेल्या अठरा मुलांपुढे मी मावशीच्या रकान्यात खूण केली, आणि मेळ बसावा म्हणून हजेरीच्या तक्त्यांतही दर आठवड्यापुढे मावशी लिहून टाकलं. अबू मिशारींनी न वाचता सही केली. न वाचण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

वरच्या मंडळींना आनंदाचं भरतं आलं. मावशी-आत्यांचा सहभाग पंचाण्णव टक्के! आखाती समाजातलं मावशीचं स्थान यावर एका विद्वानांनी पाऊण तास भाषण ठोकलं. मावश्यांसाठी सोनेरी काठाची प्रशस्तिपत्रकं छापून आली. समारंभाला अनवार तिच्या बहिणीला, बदरियाला, घेऊन आली. सहा महिन्यांत ही बाई भाचीकडे दोनदा गेली होती, दोन्ही वेळा पिस्त्याच्या मिठाईचा डबा घेऊन. ती मंचावर गेली, डोळे टिपले आणि म्हणाली की लेकरासाठी कुणीही एवढं केलं असतं. तोवर तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास बसला होता. श्रियानी दाराशी लुलवाचं दप्तर धरून उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मला माझीच लाज वाटली. पण तोंड उघडलं नाही, कारण पुढचं प्रशस्तिपत्रक केंद्राला होतं.

यशावर खूश होऊन वरून दुसरा टप्पा आला: खास मावश्यांसाठी, इतरांना दालनात प्रवेश नाही. खऱ्या मावश्या आल्या. थर्मासमधून दाट गोड चहा आला, पाठोपाठ केशराचा केक. वर्ग फार रंगायचे. बदरिया लुलवाला घेऊन तीनदा आली, मग येईनाशी झाली.

जूनमध्ये अनवार स्वतः आली, न कळवता. तपासणीचा कागद तिने माझ्यापुढे टाकला. साखर पहिल्यापेक्षा वर गेली होती आणि सकाळपासून गोळी सुरू झाली होती.

"तुझा कार्यक्रम काय कामाचा, वस्मिया?" ती म्हणाली.

मी म्हटलं, घाबरू नकोस बहिणी, उद्यापासून श्रियानीला माझ्याकडे पाठव, दालनाचं काय ते मी बघते.

"श्रियानीला? तिला मार्चमध्येच घरी पाठवलं."

"का?"

"पोरीच्या खाण्याला कुलूप लावायची गं ती. रोज रडवायची. लुलवानेच मला सांगितलं. आणि बदरिया सगळं बघतेय असं तुमच्याच प्रशस्तिपत्रकावर लिहिलेलं. मग म्हटलं, हा जाच कशाला हवा?"

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या सहा महिन्यांत बदरिया वर्गाला एकदाही आली नव्हती, ते कुलूप मीच शिकवलं होतं आणि ती खूणही माझीच होती. ती माझ्यावर ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खुर्ची ओढून घेतली आणि तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

"बोलावून घे तिला परत," मी म्हटलं. "फोन कर."

"फोन आमचाच होता. जाताना काढून घेतला."

"गाव कुठलं तिचं?"

अनवारने आठवून पाहिलं. नऊ वर्षं ती बाई तिच्या घरात राहिली होती.

"श्रीलंका," ती म्हणाली.

मी कपाट उघडून सहा महिन्यांचे हजेरीचे तक्ते काढले आणि दोघींनी पान न् पान पाहिलं. लुलवाच्या नावापुढे दर आठवड्याला माझ्याच अक्षरात मावशी लिहिलेलं होतं, आणि श्रियानीचं नाव कुठेच नव्हतं.