काकडीच्या डोक्यातला गंज

त्या दिवशी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. तेव्हा तिथे अजून घडीच्या लाकडी खुर्च्या होत्या, बसलं की चिमटा काढणाऱ्या. पण पानांच्या रसाने आजार घालवणारे पर्णगुरू येणार म्हटल्यावर लोक तासभर आधीपासून चिमटे सोसत बसले होते. निवृत्त पोस्टमास्तर पहिल्या रांगेत होते. दाताचे डॉक्टरसुद्धा आले होते, फक्त कुणी ओळखू नये म्हणून अगदी मागे, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून.

टेबलावर पाण्याचा जग, काचेचे पेले, एक ओलसर तपकिरी टॉवेल आणि हिरव्या रसाची बाटली. पलीकडे गुरूंचा थर्मास. कोऱ्या चहाखेरीज ते म्हणे काहीच घेत नसत. अंगाने मात्र चांगले भरलेले होते.

गुरूंनी सांगितलं की मेंदू म्हणजे तारांचं जाळं. आपण श्वास घेतो, त्यातला प्राणवायू लोखंडाला गंजवतो तसा या तारांनाही गंजवतो, म्हणून हात थरथरतात आणि नावं विसरतात. त्यावर सत्तर हजार पानं चाखून त्यांनी एकच पान शोधलं होतं. ते कुठे उगवतं हे गुप्त होतं. बहुधा त्या पानालाही माहीत नसावं.

मग त्यांनी पोस्टमास्तरांना पुढे बोलावलं, शुद्धीसाठी टॉवेलने त्यांचं बोट पुसलं आणि जगमधल्या पाण्याने भरलेल्या पेल्यात बुडवलं. स्वच्छ पाणी बघता बघता शाईसारखं काळं झालं. हॉलने ‘आ’ केला. गुरूंनी हिरव्या रसाचे थेंब टाकले आणि पाणी पुन्हा निवळलं. त्याच क्षणी पोस्टमास्तरांना आठवलं की आपला हरवलेला चष्मा कपाळावरच आहे. त्यांची बायको मागून तेच ओरडून सांगत होती, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू आलं नाही.

तिसऱ्या रांगेत बाटलीमावशी आपल्या थोरल्या बहिणीशेजारी बसली होती. एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी धुतली म्हणून हे नाव पडलेलं. अक्का पूर्वी काजं करायची, इतकी सुबक की लोक बटण लावायचं सोडून काज बघत बसत. आता हात थरथरत असल्याने तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. गुरूंच्या माणसाने सांगितलं होतं की गोळीचं आणि पानाचं पटत नाही. म्हणून चार दिवस अक्काने डॉक्टरांनी थरथरीवर दिलेल्या गोळ्या बटणांच्या डब्यात टाकल्या होत्या, आणि कालपासून तिच्या हातात चहाचा कपही ठरत नव्हता. मावशी भांडून थकली. अक्काचं एकच उत्तर, “तू बाटल्या धुतल्यास गं, डॉक्टरीण नाही झालीस.”

पंचाईत अशी की गुरूंचं अर्धं बोलणं खरं होतं. प्रयोगशाळेतल्या संशोधक बाई बारा वर्षं हेच काम करत होत्या. ताटल्यांमध्ये मज्जापेशी वाढवायच्या, त्यांच्यावर गंजवणारं रसायन घालायचं, काही ताटल्यांत पानांतून काढलेला अर्क घालायचा आणि दुसऱ्या दिवशी जिवंत पेशी मोजायच्या. काही ताटल्यांत नुसतं पाणी. कुठे अर्क आणि कुठे पाणी हे फक्त मावशीला ठाऊक असे. बाई मुद्दाम स्वतःपासूनच लपवून घेत. म्हणत, “मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही, मावशी. त्यांना हवं तेच दिसतं.”

आणि ते काळं पाणी मावशीने आधी पाहिलं होतं. प्रयोगशाळेत चहाला बंदी असताना ती एकदा चंचुपात्रातून कोरा चहा पीत होती. बाईंची चाहूल लागताच घाबरून तिने तो मोरीतल्या एका भांड्यात ओतला. त्यात लोखंडाचा क्षार विरघळवलेला होता. भांडं काळंकुट्ट झालं. आता नोकरी गेली म्हणून मावशी रडू लागली, तर बाईंनी हसून त्यात लिंबू पिळलं आणि भांडं निवळलं.

मावशी उठली. बाजारातून थेट आल्यामुळे पिशवी हातातच होती. तिने जगमधल्या पाण्याने भरलेला नवा पेला मागितला आणि टॉवेलला न शिवता बोट बुडवलं. पाणी जसंच्या तसं.

“यांच्या डोक्यात गंजायलाच काही नाही,” गुरू म्हणाले. हॉल खदखदून हसला. अक्काही हसली, ते मावशीला लागलं.

तिने पिशवीतून काकडी काढली, टॉवेलने नीट पुसली आणि पेल्यात उभी केली. पाणी काळं झालं.

“महाराज, हिला काय आठवत नसेल?”

कुणीतरी फिसकन हसलं. गुरू म्हणाले की वनस्पतीलाही मन असतं. मावशीने टॉवेल नाकाशी नेला, पोस्टमास्तरांच्या नाकाशी धरला, आणि पोस्टमास्तर म्हणाले, “चहा. पत्ती जरा जास्त झालीय.” मग तिने थर्मासमधला चमचाभर चहा दुसऱ्या पेल्यातल्या पाण्यात घातला. तेही काळं. शेवटी पिशवीतलं लिंबू तिने दातांनी फोडलं (मागे दाताच्या डॉक्टरांनी डोळे मिटले) आणि पिळलं. पाणी निवळलं.

“जगमध्ये लोखंडाचा क्षार, टॉवेलला चहा, बाटलीत आंबट रस,” मावशी म्हणाली. “पेला साफ झाला. डोकं होतं तिथेच आहे.”

गुरूंना अचानक दुसऱ्या गावची सभा आठवली. रस न पिताच.

घरी अक्काने बटणांचा डबा पुढे सरकवला. दोघींनी बटणांतून गोळ्या वेचल्या. एक गोळी निघाली ती सदऱ्याचं बटण. डॉक्टरांना फोन करून चार दिवसांची कबुली दिली, बोलणी खाल्ली, आणि ते म्हणाले तशी गोळी अक्काने घेतली.

“तुझ्या बाईंचं पान कधी येणार गं?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

“बारा वर्षं करून माहीत नाही?”

“ताटलीतली पेशी म्हणजे माणूस नाही, अक्का. त्या स्वतःच सांगतात, अजून माहीत नाही. म्हणून तर त्यांच्यावर विश्वास आहे.”

एवढंच लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. कुणी चमत्कार दाखवला की हात जोडण्याआधी तो काकडीवर करून बघायला सांगा. खरं औषध नुसत्या पाण्याशी तुलना करायला भीत नाही. भितो तो औषधवाला.

अक्काचा हात काही त्या दिवशी थांबला नाही. काकडी मावशीनेच चिरली. आधी दोनदा धुऊन.